एकादश व्रते

एकादश व्रते ही महात्मा गांधी यांनी आपल्या आश्रमांतील रहिवाशांसाठी ठरवून दिलेली अकरा आचरणबंधने होत. सत्य, अहिंसा, ब्रह्मचर्य, अस्वाद, अस्तेय, अपरिग्रह, अभय, अस्पृश्यतानिवारण, शरीरश्रम, सर्वधर्मसमभाव आणि स्वदेशी अशी ही व्रते आहेत. अहमदाबादजवळील सत्याग्रह आश्रमात त्यांची सुरुवात झाली. १९२१ नंतर आचार्य विनोबा भावे यांच्यामुळे आणि १९३४ नंतर स्वतः गांधीजींच्या वास्तव्यामुळे वर्धा जिल्हा हे त्यांच्या आचरणाचे प्रमुख केंद्र बनले. व्रतांमुळे रहिवाशांच्या आहार, वस्त्र, मालमत्ता, विवाहजीवन व प्रवास यांवर कडक मर्यादा आल्या. त्याचबरोबर, जे निषिद्ध ठरले त्याला पर्याय शोधण्याच्या गरजेतून जिल्ह्यात खादी, ग्रामोद्योग, शिक्षण व कुष्ठसेवा या क्षेत्रांतील अनेक संस्था उभ्या राहिल्या.

## पार्श्वभूमी

अकरांपैकी अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह ही पाच व्रते प्राचीन आहेत. पतंजलीच्या योगसूत्रांत ती ‘यम’ या नावाने आढळतात, तर जैन परंपरेत तीच साधूंची पंचमहाव्रते मानली जातात. मात्र परंपरेत ही बंधने मुख्यतः संसार सोडलेल्या साधकासाठी होती. गांधीजींनी ती समाजात राहून सार्वजनिक काम करणाऱ्या व्यक्तींना लागू केली. त्यांना जोडलेल्या उरलेल्या सहा व्रतांपैकी स्वदेशी, शरीरश्रम व अस्पृश्यतानिवारण यांचा संबंध मोक्षापेक्षा तत्कालीन सामाजिक व आर्थिक प्रश्नांशी अधिक होता.

२५ मे १९१५ रोजी अहमदाबादजवळील कोचरब येथे सत्याग्रह आश्रम स्थापन झाला. त्यासाठी तयार केलेल्या नियमावलीच्या मसुद्यात बहुतेक व्रतांचा समावेश होता. शरीरश्रम व सर्वधर्मसमभाव यांना स्वतंत्र व्रतांचे स्थान पुढील काळात मिळाले. त्याच वर्षी दुदाभाई, त्यांची पत्नी दानीबेन व कन्या लक्ष्मी या दलित कुटुंबाला आश्रमात प्रवेश दिला गेला, तेव्हा व्रतांची पहिली मोठी कसोटी लागली. आश्रमातील काही जणांनी या निर्णयाला विरोध केला आणि देणगीदारांनी मदत थांबवली. आश्रमाची शिल्लक संपत आली असता एका हितचिंतकाने नाव न सांगता १३,००० रुपये दिल्याने तो तगला. हे हितचिंतक उद्योगपती अंबालाल साराभाई होते, असे मानले जाते.

१९३० मध्ये येरवडा तुरुंगात असताना गांधीजींनी साबरमती आश्रमाला दर मंगळवारी एक पत्र पाठवून एकेका व्रताचे विवेचन केले. ही पत्रे ‘मंगलप्रभात’ या नावाने पुस्तकरूपात प्रसिद्ध झाली. तुरुंगातून राजकीय विषयावर लिहायचे नाही, ही मर्यादा पाळण्यासाठी त्यांनी स्वदेशीवरील प्रकरण तेथे लिहिले नाही. ते सुटकेनंतर लिहिले गेले.

अकरा व्रतांची नावे एकत्र गुंफणारा, आश्रमाच्या प्रार्थनेत म्हटला जाणारा श्लोक विनोबांनी रचला. ‘अभंगव्रते’ या त्यांच्या मराठी पद्यरचनेचा विषयही हीच व्रते आहेत.

## व्रतांचे स्वरूप

आश्रमजीवनात प्रत्येक व्रताचा अर्थ शब्दकोशातील अर्थापेक्षा व्यापक धरला जाई.

* सत्य – केवळ खरे बोलणे नव्हे, तर विचार व आचारातही असत्य टाळणे. स्वतःची चूक जाहीरपणे कबूल करणे हा या व्रताचाच भाग मानला जाई.
* अहिंसा – प्राणिमात्राला इजा न करणे आणि विरोधकाविषयीही द्वेष न बाळगणे.
* ब्रह्मचर्य – सर्व इंद्रियांचा संयम. आश्रमात राहणाऱ्या विवाहित जोडप्यांनाही हे व्रत लागू होते.
* अस्वाद – अन्न औषधाप्रमाणे, शरीराच्या गरजेपुरते घेणे. चवीसाठी न खाणे.
* अस्तेय – चोरी न करणे. गरज नसलेली वस्तू मालकाच्या परवानगीने घेणे हीदेखील चोरीच समजली जाई.
* अपरिग्रह – आज आवश्यक नसलेल्या वस्तूंचा उद्यासाठी संग्रह न करणे.
* अभय – मृत्यू, रोग, मारहाण, अपमान आणि राजसत्ता यांचे भय सोडणे.
* अस्पृश्यतानिवारण – कोणालाही जन्मामुळे अस्पृश्य न मानणे आणि तसा भेद पाळणाऱ्या व्यवहारात सहभागी न होणे.
* शरीरश्रम – आपल्या अन्नासाठी स्वतः शरीराने काम करणे. सफाई, दळण, सूतकताई व शेतकाम यांत कोणालाही सूट नसे.
* सर्वधर्मसमभाव – सर्व धर्मांविषयी सारखाच आदर बाळगणे.
* स्वदेशी – जवळच्या माणसाने तयार केलेल्या वस्तूला व सेवेला प्राधान्य देणे. खादीचा वापर हे त्याचे दृश्य रूप होते.

## व्रत आणि सवलत

गांधीजींच्या मते ‘जमेल तितके करीन’ असा निश्चय हे व्रत नव्हे. अडचण आली तरी न मोडणारा निश्चय म्हणजेच व्रत. सवलतीची वाट आधीच ठेवली, तर कसोटीच्या क्षणी माणूस तीच धरतो, असे त्यांनी व्रतांच्या आवश्यकतेविषयीच्या पत्रात प्रतिपादन केले. मात्र पाप ठरेल अशा गोष्टीची प्रतिज्ञा व्रत होऊ शकत नाही, असेही त्यांनी त्यासोबत सांगितले.

व्रताचे शब्द पाळावेत की त्यांचा आशय, हा प्रश्न गांधीजींच्या स्वतःच्या आयुष्यातही उभा राहिला. दक्षिण आफ्रिकेत १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडण्याची प्रतिज्ञा केली होती. पुढे भारतात गंभीर आजारानंतर डॉक्टरांनी दूध आवश्यक ठरवले. तेव्हा, प्रतिज्ञा घेताना आपल्या मनात गाय व म्हैस यांचेच दूध होते, या आधारावर कस्तुरबांच्या सूचनेनुसार त्यांनी शेळीचे दूध घेतले. यात व्रताचे अक्षर सांभाळले गेले असले तरी त्याचा आत्मा दुखावला, अशी कबुली त्यांनी आत्मकथेत दिली आहे. शेळीचे दूध पुढे सेवाग्राममध्येही त्यांच्या आहारात कायम राहिले.

व्रतभंगाला आश्रमात शारीरिक शिक्षा नव्हती. जाहीर कबुली, प्रायश्चित्त म्हणून उपवास आणि गंभीर प्रसंगी आश्रम सोडणे, असे त्याचे परिणाम होत. १९२९ मध्ये कस्तुरबांनी भेट म्हणून आलेली अल्प रक्कम आश्रमाकडे जमा न करता स्वतःजवळ ठेवल्याचे आढळले. गांधीजींनी ती गोष्ट ‘नवजीवन’ या साप्ताहिकातून लोकांसमोर मांडली. व्रत सर्वांना सारखे लागू असल्याचे उदाहरण म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. त्याचबरोबर, पतीने घेतलेल्या अपरिग्रहाच्या निर्णयाची झळ पत्नीला किती सोसावी लागली, या चर्चेतही त्याचा उल्लेख होतो.

## वर्धा जिल्ह्यातील आचरण

### विनोबांचे आश्रम

उद्योगपती जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून वर्ध्यात सत्याग्रह आश्रमाची शाखा सुरू झाली आणि तिची जबाबदारी घेण्यासाठी एप्रिल १९२१ मध्ये विनोबा वर्ध्याला आले. येथील शिस्त साबरमतीपेक्षाही कडक समजली जाई. १९३२ च्या अखेरीस विनोबा वर्ध्याजवळील नालवाडी या दलित वस्तीत राहावयास गेले. सूतकताई करणाऱ्या मजुराला मिळणाऱ्या रोजीवर माणूस जगू शकतो काय, हे पाहण्यासाठी त्यांनी दिवसाचे अनेक तास सूत कातून त्या मजुरीतच निर्वाह करण्याचा प्रयोग केला. अपरिग्रह व शरीरश्रम या व्रतांचे हे आचरण कातणाऱ्यांच्या अपुऱ्या मजुरीच्या प्रश्नापर्यंत जाऊन पोहोचले.

१९३८ मध्ये विनोबा धाम नदीच्या काठावरील पवनार येथे आले. तेथील परंधाम आश्रमात १९५० मध्ये ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग सुरू झाला. पैशाचा वापर टाळून आश्रमाने आपले अन्न व वस्त्र स्वतःच्या श्रमातून मिळवावे, असा त्याचा हेतू होता. बैलांची मदत न घेता केवळ माणसांच्या श्रमावर केलेल्या शेतीला ‘ऋषिशेती’ असे नाव मिळाले. याच काळात, मार्च १९५१ मध्ये, हैदराबादजवळील शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनासाठी विनोबा पवनारहून पायी निघाले. या पदयात्रेत तेलंगणातील पोचमपल्ली येथे १८ एप्रिल १९५१ रोजी त्यांना पहिले भूदान मिळाले.

### मगनवाडी

साबरमती आश्रम १९३३ मध्ये विसर्जित झाल्यानंतर गांधीजी वर्ध्याला आले. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेतील जागेला मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव देण्यात आले. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्यालय येथेच होते आणि त्याची धुरा अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होती. यंत्रावर सडलेला तांदूळ, गिरणीचे पीठ व कारखान्याची साखर यांचा त्याग केल्यावर हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाण्याचे तेल आणि गूळ या वस्तू पुरेशा प्रमाणात व चांगल्या दर्जाच्या मिळणे आवश्यक झाले. त्यामुळे मगनवाडीत या उद्योगांसह हातकागद व मधमाशीपालन यांचे प्रयोग व प्रशिक्षण सुरू झाले. सोयाबीन, कच्च्या भाज्या व कडुनिंबाचा पाला यांचा आहारात वापर करून अस्वादव्रताचीही येथे परीक्षा घेतली गेली. ग्रामोद्योगांची साधने व उत्पादने मांडणाऱ्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी झाले.

### सेवाग्राम

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळील शेगाव या खेड्यात राहावयास गेले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी होणारा नामसाधर्म्याचा घोटाळा टाळण्यासाठी १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम करण्यात आले. आपल्यासाठी बांधावयाच्या घराला परिसरातच मिळणारे साहित्य वापरावे आणि खर्च अगदी मर्यादित ठेवावा, अशी गांधीजींची अट होती. माती, बांबू व कौले यांनी बांधलेल्या ‘आदी निवास’ व ‘बापू कुटी’ या वास्तूंत अपरिग्रह व स्वदेशी या व्रतांचा परिणाम आजही दिसतो.

दिवसाची सुरुवात पहाटेच्या प्रार्थनेने होई. त्यानंतर संडाससफाई, पाणी भरणे, भाजी चिरणे, दळण, कताई व रुग्णसेवा ही कामे वाटून घेतली जात. परिसरात सापांचा वावर मोठा होता. पण अहिंसेच्या व्रतामुळे त्यांना मारले जात नसे. साप पकडून दूर सोडण्यासाठी लाकडी चिमटा व पिंजरा वापरत असत. ही साधने आश्रमात जतन करून ठेवली आहेत.

संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोग झाल्यानंतर १९३९ मध्ये सेवाग्रामला आले. त्या काळी कुष्ठरोग्याला वस्तीत ठेवण्यास लोक धजावत नसत. गांधीजींनी त्यांच्यासाठी आपल्या कुटीपासून जवळच झोपडी बांधून घेतली आणि ते स्वतः त्यांची शुश्रूषा करीत. अभय व अस्पृश्यतानिवारण या दोन व्रतांचे संयुक्त आचरण म्हणून या प्रसंगाचा उल्लेख केला जातो. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळील दत्तपूर येथे १९३६ मध्येच कुष्ठधाम सुरू केले होते.

## सामाजिक व राजकीय परिणाम

व्रते वैयक्तिक असली तरी त्यांचे परिणाम आश्रमाबाहेर पोहोचले. जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातील आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुले केले. नालवाडीत गोपाळराव वाळुंजकर यांनी चालवलेल्या चर्मालयात नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावरांच्या कातड्यापासून वस्तू बनत. त्यामुळे चामडे वापरणाऱ्याला अहिंसेचे व्रत पाळणे शक्य झाले. शिवाय, हीन समजल्या गेलेल्या कामात सवर्ण कार्यकर्त्यांनी हात घातल्याने अस्पृश्यतेच्या रूढीलाही धक्का बसला.

शरीरश्रमाच्या व्रताचा शैक्षणिक आविष्कार म्हणजे नई तालीम. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हस्तोद्योगाला केंद्रस्थानी ठेवणारी शिक्षणयोजना तयार केली. ती ‘वर्धा योजना’ म्हणून ओळखली जाते. सेवाग्राममध्ये ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी आर्यनायकम् यांनी या पद्धतीची शाळा चालवली.

मार्च १९३८ मध्ये ओडिशातील डेलांग येथे गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले असता कस्तुरबा आणि गांधीजींचे सचिव महादेव देसाई यांच्या पत्नी दुर्गाबेन पुरीच्या जगन्नाथ मंदिरात दर्शनाला गेल्या. हे मंदिर त्या वेळी दलितांना बंद होते. ही गोष्ट समजल्यावर गांधीजी अत्यंत अस्वस्थ झाले आणि महादेवभाईंनी पद सोडण्याची तयारी दर्शवली. दोष दर्शनाला गेलेल्या स्त्रियांचा नसून त्यांना व्रताचा आशय समजावून न देणाऱ्या आपला व महादेवभाईंचा आहे, अशी भूमिका गांधीजींनी घेतली. एकाने घेतलेले व्रत कुटुंबातील दुसऱ्याच्या श्रद्धेवर बंधन घालू शकते काय, हा प्रश्न या घटनेने पुढे आणला.

ऑक्टोबर १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी विनोबांची निवड केली. त्यांच्या व्रतनिष्ठेचा या निवडीशी थेट संबंध होता. कारण मोजक्या व्यक्तींच्या या सत्याग्रहात संख्येपेक्षा चारित्र्याला महत्त्व होते. १७ ऑक्टोबर रोजी पवनार येथे विनोबांनी युद्धविरोधी भाषण करून सत्याग्रहाला प्रारंभ केला.

१९४२ च्या आंदोलनात वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि तत्कालीन चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे उठाव झाले. चिमूर येथे सैनिक व पोलिसांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या आरोपांची चौकशी व्हावी, या मागणीसाठी सेवाग्रामचे आश्रमवासी प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी उपोषण आरंभले. भन्साळी हे पूर्वी दीर्घ मौनव्रत पाळलेले कठोर साधक होते. मौन मोडू नये म्हणून त्यांनी एकेकाळी ओठ तारेने शिवून घेतले होते. तोच निग्रह आता एका सार्वजनिक मागणीच्या पाठीशी उभा राहिला. सरकारने वृत्तपत्रांवर निर्बंध घातले असतानाही उपोषणाची वार्ता देशभर पसरली. त्रेसष्ट दिवसांनंतर, जानेवारी १९४३ मध्ये, हे उपोषण सुटले.

## मतभेद व टीका

सर्वाधिक वाद ब्रह्मचर्याच्या व्रतावरून झाले. विवाहित दांपत्यांनाही ते बंधनकारक करणे अव्यवहार्य असल्याची टीका प्रारंभापासून होत होती. अखेरच्या काळात गांधीजींनी स्वतःच्या ब्रह्मचर्याची परीक्षा म्हणून केलेल्या प्रयोगांना त्यांच्या निकटवर्तीयांनीच आक्षेप घेतला. वर्ध्याशी दीर्घकाळ संबंध असलेले विचारवंत किशोरलाल मशरूवाला व नरहरी परीख यांनी १९४७ मध्ये ‘हरिजन’ साप्ताहिकांच्या कामातून अंग काढून घेतले. मानवशास्त्रज्ञ निर्मलकुमार बोस यांनीही आपल्या आठवणींत या प्रयोगांची चिकित्सा केली आहे. अशा प्रयोगांत सहभागी झालेल्या स्त्रियांवर होणाऱ्या परिणामांकडे दुर्लक्ष झाले, हा या टीकेतील एक महत्त्वाचा मुद्दा आहे.

अस्पृश्यतानिवारणाला व्रताचे रूप देण्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या भूमिकेतून मूलभूत आक्षेप निघतो. अस्पृश्यता हा सवर्णांच्या आत्मशुद्धीचा विषय नसून दलितांच्या नागरी, आर्थिक व राजकीय हक्कांचा प्रश्न आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. काँग्रेस व गांधी यांच्या अस्पृश्यांविषयीच्या कार्याची परखड समीक्षा करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. व्रत घेणाऱ्याच्या मनात होणारा बदल आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला मिळणारा न्याय या दोन गोष्टी एकच नाहीत, हा भेद या वादामुळे स्पष्ट झाला.

## सद्यस्थिती

गांधीजी ऑगस्ट १९४६ मध्ये सेवाग्रामहून दिल्लीस गेले; त्यानंतर ते परत येऊ शकले नाहीत. सेवाग्राम आश्रमात दैनंदिन सर्वधर्म प्रार्थना, सूतकताई व श्रमदान चालू आहे. पवनार येथे विनोबांनी १९५९ मध्ये स्त्रियांसाठी स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरात भगिनी सामूहिक निर्णय, शरीरश्रम व ब्रह्मचर्य यांवर आधारलेले जीवन जगतात. स्त्रियांनी स्वतः निवडलेले आणि स्वतः चालवलेले व्रतस्थ जीवन हे या संस्थेचे वैशिष्ट्य आहे.

डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये सेवाग्राम येथे सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत नव्या विद्यार्थ्यांसाठी आश्रमात निवासी परिचय शिबिर घेतले जाते. खादीचा वापर, श्रमदान, सर्वधर्म प्रार्थना आणि मद्य व तंबाखूपासून दूर राहणे यांचा संस्थेच्या आचारसंहितेत समावेश आहे. मूळ व्रते स्वेच्छेने व आजन्म घ्यावयाची होती. संस्थेची आचारसंहिता मात्र प्रवेशाबरोबर लागू होते आणि तिची सक्ती शिक्षणकाळापुरती असते. त्यानंतर ती पाळावयाची की नाही, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावयाचा असतो.